थुंकीत न सापडणारा क्षय

एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर बसलेल्या रुग्णाच्या हातात बहुधा दोन कागद असतात. एकावर त्याच्या रक्तातील सीडी-४ पेशींची संख्या असते. दुसऱ्यावर थुंकीच्या तपासणीचा निष्कर्ष असतो आणि तेथे एकच शब्द लिहिलेला असतो : ‘निगेटिव्ह’. महिनाभर ताप येतो आहे, कपडे सैल झाले आहेत, रात्री उशी घामाने भिजते आहे. खोकला मात्र फारसा नाही. कागद म्हणतो क्षय नाही, शरीर म्हणते आहे. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवायचा, हा प्रश्न वरकरणी एका रुग्णाचा आणि एका डॉक्टरचा वाटतो. प्रत्यक्षात भारताच्या क्षयरोग निर्मूलनाचे यशापयश बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जगासमोर ठेवला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ थुंकीचा थर काचेवर पसरायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लालसर काड्यांसारखे जिवाणू शोधायचे, हीच निदानाची मुख्य रीत राहिली. ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही करता येते. लक्षावधी भारतीयांचे प्राण तिने वाचवले, हेही मान्य करायला हवे. परंतु तिची एक मोठी मर्यादा आहे. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जिवाणू असतील, तरच ते सूक्ष्मदर्शकाला दिसण्याची शक्यता असते. त्याहून कमी असतील तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि रुग्ण घरी परततो.

एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत ही मर्यादा जीवघेणी ठरते. त्याचे कारण रोगाच्या स्वभावातच आहे. क्षयरुग्णाच्या फुप्फुसात ज्या पोकळ्या तयार होतात, त्या एकट्या जिवाणूमुळे होत नाहीत. जिवाणूशी झुंजणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीचाही त्यात मोठा वाटा असतो. याच पोकळ्यांतून अगणित जिवाणू श्वासनलिकेत उतरतात आणि खोकल्यावाटे बाहेर पडतात. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पोखरली की झुंजच मंदावते, पोकळ्या कमी होतात आणि थुंकीतले जिवाणू विरळ होतात. त्याच वेळी आत रोग मोकाट पसरत असतो : मानेच्या गाठींत, फुप्फुसाच्या आवरणात, यकृतात, मज्जारज्जूत, मेंदूच्या आवरणात. म्हणजे रुग्ण जितका अधिक धोक्यात, तितकी त्याची थुंकी अधिक निर्दोष दिसण्याची शक्यता. छातीचा एक्स-रेही अशा वेळी फसवा ठरू शकतो. प्रगत अवस्थेतील काही रुग्णांत तो जवळपास स्वच्छ दिसतो.

याची किंमत किती, हे शवविच्छेदनांवरून कळते. प्रामुख्याने आफ्रिकी देशांत झालेल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्हीबाधित असताना मृत्यू पावलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्तींच्या शरीरात क्षय आढळला आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांचे निदान जिवंतपणी झालेलेच नव्हते. रोग बरा होण्याजोगा होता आणि त्यावरची औषधे अनेक दशकांपासून उपलब्ध होती. उपचार सुरू झाला नाही, कारण रोगाचे नावच उच्चारले गेले नव्हते.

भारतापुरते बोलायचे तर या प्रश्नाचा आकार आकड्यांमागे दडतो. देशातील क्षयरुग्णांत एचआयव्हीबाधितांचे प्रमाण शंभरात सुमारे दोन आहे. ‘दोनच टक्के’ असे म्हणून हा विषय बाजूला सारण्याचा मोह होतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि त्यांतील २६ टक्के, म्हणजे सुमारे २८ लाख, भारतातील होते. इतक्या मोठ्या संख्येचे दोन टक्केही हजारोंच्या घरात जातात. शिवाय एचआयव्हीबाधितांचा मृत्यूंतील वाटा रुग्णसंख्येतील वाट्याहून मोठा असतो. त्याच वर्षी जगातील क्षयरुग्णांत एचआयव्हीबाधित सुमारे सहा टक्के होते. क्षयाने झालेल्या साडेबारा लाख मृत्यूंत मात्र ते १ लाख ६१ हजार, म्हणजे जवळपास १३ टक्के होते. भारतात आज सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. इतरांच्या तुलनेत त्यांना क्षय होण्याचा धोका पंधरा ते वीस पट अधिक असतो.

या दोन्ही रोगांच्या भारतीय इतिहासातील दोन महत्त्वाची पाने एकाच शहरात लिहिली गेली, हा योगायोग विलक्षण आहे. १९५६ मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये भारतीय व ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदा, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांनी मिळून क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू केले. तोवर क्षय म्हणजे आरोग्यधाम, थंड हवा, दूध-अंडी आणि महिनोन्महिने अंथरूण, अशीच समजूत होती. रुग्ण लाखोंनी आणि खाटा काही हजारांनी, असे असताना हे उपचार गरिबाच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधे वर्षभर दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा अधिक धोका झाला नाही. जगभरच्या आरोग्यधामांची दारे बंद होण्यामागे मद्रासच्या गल्लीबोळांतील या प्रयोगाचा मोठा हात आहे.

याच शहरात १९८६ मध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत भारतातील एचआयव्हीचा पहिला पुरावा शोधला. पुढे दोन्ही रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम उभे राहिले. पण ते उभे राहिले समांतर. क्षयाचा अधिकारी वेगळा, एड्स नियंत्रणाचा वेगळा. प्रयोगशाळा, नोंदवह्या आणि निधीची शीर्षकेही वेगळी. जिवाणू आणि विषाणू एकाच शरीरात नांदत असताना त्या शरीराच्या मालकाला दोन इमारतींत, दोन रांगांत उभे राहावे लागले. दोन्हीकडे ओळख उघड होण्याची भीती होतीच.

ही दरी बुजवण्यासाठी गेल्या दोन दशकांत बरेच काही झाले, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. आता प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही चाचणी करण्याचे धोरण आहे. एआरटी केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दर भेटीत चार प्रश्न विचारले जाणे अपेक्षित आहे : खोकला आहे का, ताप आहे का, वजन घटले आहे का, रात्री घाम येतो का? सर्वसाधारण रुग्णाच्या बाबतीत दोन आठवड्यांचा खोकला संशयास्पद मानला जातो; एचआयव्हीबाधिताच्या बाबतीत कितीही दिवसांचा खोकला पुरेसा आहे. चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर तपासणी व्हायला हवी. शिवाय दोन्ही रोगांची औषधे एकाच खिडकीवर मिळावीत, अशी व्यवस्था एआरटी केंद्रांवर करण्यात आली आहे.

निदानाची साधनेही बदलली आहेत. जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी कार्ट्रिजवर आधारित चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अखेरीस मान्य केली. सूक्ष्मदर्शकाला हजारो जिवाणू लागतात. या चाचणीच्या पहिल्या आवृत्तीला मिलिलिटरमागे सुमारे १३० आणि सुधारित आवृत्तीला सुमारे १६ पुरतात. शिवाय रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, हेही ती दोन तासांच्या आत सांगते. पण या यंत्राला वातानुकूलन लागते आणि वीज अखंड लागते; आपल्याकडील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत या दोन्हींची खात्री नसते. ही अडचण ओळखून गोव्यातील एका कंपनीने बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ हे लहान यंत्र विकसित केले आणि २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. भारतीय परिस्थितीतून घडलेले हे उपकरण आज देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा कणा बनत आहे.

तरीही एक अडचण उरते. यंत्र कितीही संवेदनशील असले, तरी त्याला नमुना लागतो. गंभीर एचआयव्ही रुग्णाला कित्येकदा खोकून बेडका काढण्याइतके बळही नसते. अशांसाठी मूत्रतपासणीची एक साधी पट्टी आहे. क्षयाच्या जिवाणूच्या कवचातील ‘लॅम’ नावाचा घटक मूत्रात उतरतो आणि पट्टीवर पंचवीस मिनिटांत रेघ उमटते. यंत्र नको, वीज नको, खोकला नको. रुग्णाची प्रतिकारशक्ती जितकी खालावलेली, तितकी ही पट्टी अधिक विश्वासार्ह. म्हणजे जेथे सूक्ष्मदर्शक हरतो, नेमकी तेथेच ती उपयोगी पडते. आफ्रिकेतील चार देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या एचआयव्हीबाधितांवर तिचा प्रयोग झाला. नेहमीच्या चाचण्यांना या पट्टीची जोड दिल्यावर आठ आठवड्यांतील मृत्यू २५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. शंभरात चार जीव वाचवणारी ही पट्टी मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरती राहता कामा नये. ती प्रत्येक एआरटी केंद्राच्या टेबलावर असायला हवी.

ईशान्येकडे पाहिले की ही मागणी किती निकडीची आहे ते समजते. देशात प्रौढांतील एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्के आहे. मिझोरममध्ये ते अडीच टक्क्यांहून अधिक आहे. नागालँड आणि मणिपूरही राष्ट्रीय सरासरीच्या पुष्कळ वर आहेत. तेथे सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये या विषाणूचा मोठा प्रसार झाला. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होणाऱ्या या डोंगराळ प्रदेशात थुंकीची डबी जिल्ह्याच्या यंत्रापर्यंत पोहोचणे आणि अहवाल परत येणे यांत मौल्यवान दिवस निघून जातात. गंभीर रुग्णाकडे नेमके तेच नसतात.

दिल्लीतील आढावा बैठकांत किती चाचण्या झाल्या, किती रुग्णांची नोंद झाली, किती यंत्रे पुरवली, हे आकडे मांडले जातात. ते आवश्यकच आहेत. परंतु रुग्ण प्रथम दारात आला त्या दिवसापासून त्याच्या तोंडात औषधाची पहिली गोळी पडेपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा त्यांच्या बरोबरीने मांडला जायला हवा. एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत हाच आकडा जगणे आणि मरणे यांतील अंतर सांगतो.

निदान झाले म्हणजे संकट संपले असे नाही. उपचारांचीही स्वतःची गुंतागुंत आहे. नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांचा औषधक्रम असतो : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. त्यातील रिफॅम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की एचआयव्हीवरील काही औषधे रक्तात टिकतच नाहीत. म्हणूनच डोल्युटेग्राव्हिर हे आजचे मुख्य औषध घेणाऱ्या रुग्णाला क्षयाच्या उपचारकाळात त्याची आणखी एक मात्रा बारा तासांनी घ्यावी लागते. ही दुसरी गोळी लिहून द्यायची राहिली, तर एका रोगावरचा उपचार दुसऱ्याला मोकळे रान देतो. क्रमाचेही भान लागते. आधी क्षयाची औषधे, मग साधारण दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीची. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र एचआयव्हीच्या औषधांसाठी चार ते आठ आठवडे थांबावे लागते. प्रतिकारशक्ती परत येऊ लागली की कित्येकांचा ताप वाढतो, गाठी सुजतात. शरीर पुन्हा लढू लागल्याची ती खूण असते. पण कोणी समजावून सांगितले नाही, तर औषधांनीच आजार वाढवला असे समजून रुग्ण ती सोडून देतो. समुपदेशकाचे मानधन हा अनावश्यक खर्च नव्हे, हे येथे कळते.

ज्ञान हाती असूनही धोरण किती रेंगाळू शकते, याचे एक उदाहरण विसरता येणार नाही. भारतात कित्येक वर्षे क्षयाची औषधे आठवड्यातून तीनदा दिली जात. आरोग्यसेवकासमोर औषध घेण्याच्या पद्धतीला ते सोयीचे होते. एचआयव्हीबाधितांना ती रोज द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या सुमारासच सांगितले होते. चेन्नईतील त्याच जुन्या केंद्राने, आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, तीनशेहून अधिक एचआयव्हीबाधित क्षयरुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. रोजचा औषधक्रम स्पष्टपणे सरस ठरला; आठवड्यातून तीनदा औषध घेणाऱ्यांत रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जिवाणू उद्भवू लागले. अखेर फरिदाबादचे डॉक्टर रमण कक्कर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये देशभर रोजचा औषधक्रम लागू करण्यास नऊ महिन्यांची मुदत दिली. गोळी रोज द्यायची की एक दिवसाआड, हा वैद्यकीय प्रश्न सुटायला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले.

पुरवठ्याची कथाही फार निराळी नाही. औषध रोज द्यायचे तर ते रोज उपलब्ध असले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये मात्र तीन महिन्यांसाठी स्थानिक पातळीवर औषधे खरेदी करा, असे केंद्राला राज्यांना कळवावे लागले. खंडित उपचारांतूनच औषधप्रतिरोधी क्षय जन्म घेतो. त्यावर पूर्वी दीड-दोन वर्षे औषधे चालत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचारक्रम मंजूर केला, ही मोठी दिलासादायक गोष्ट आहे. परंतु साध्या औषधांचा साठा संपल्यामुळे रुग्ण महागड्या औषधांपर्यंत पोहोचत असेल, तर त्या दिलाशाला फारसा अर्थ उरत नाही.

आणखी एक धडा भारतीय भूमीतूनच आला. मद्रासच्या प्रयोगातून, औषध पुरे, अन्न दुय्यम, असा एक सोयीचा अर्थ पुढे काढला गेला होता. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्णांच्या कुटुंबांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास केला. ज्या कुटुंबांना शिधा मिळाला, त्यांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णांच्या बाबतीतही पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढले, तर मृत्यूचा धोका निम्म्याहून अधिक कमी झालेला दिसला. रुग्णाला दरमहा मिळणारे पोषणसाहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून हजार रुपये झाले आहे. ते वेळेवर खात्यात जमा होणे हा उपचाराचाच भाग आहे. दोन्ही रोगांशी झुंजणाऱ्या, मजुरी बुडालेल्या माणसाला चार-पाच गोळ्या रिकाम्या पोटी पचवता येत नाहीत.

क्षय नसलेल्या एचआयव्हीबाधिताला तो होऊच नये म्हणून प्रतिबंधक औषधे देता येतात : सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रांचा नवा क्रम. त्याआधी क्षय नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे प्रतिबंधाची वाटही पुन्हा निदानाच्या दारातूनच जाते.

क्षयमुक्तीसाठी भारताने २०२५ हे वर्ष ठरवले होते. मार्च २०१८ मध्ये दिल्लीत केलेली ती घोषणा जागतिक उद्दिष्टाच्या पाच वर्षे पुढे धावणारी होती. दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले. ही घट जगाच्या सरासरीहून वेगवान आहे आणि तिच्यामागे असंख्य आशासेविका, तंत्रज्ञ आणि डॉक्टरांचे कष्ट आहेत. पण १८७ हा निर्मूलनाचा आकडा नव्हे. राष्ट्रीय पाहणीत असे दिसले होते की क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारांसाठी कोठे गेलेच नव्हते आणि एक्स-रे काढले नसते तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणातील पंचकुला येथून सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे वस्त्यांत नेण्यात आली, ती याच जाणिवेतून. रोग दारात येण्याची वाट न पाहता त्याच्या दारात जाण्याची ही रीत मोहिमेपुरती राहू नये.

एआरटी केंद्राबाहेरच्या त्या बाकावरील माणसाकडे शेवटी परतायला हवे. त्याच्या हातातील ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ ‘क्षय नाही’ असा होत नाही. ‘या काचेवर आम्हांला दिसला नाही’ एवढाच होतो. हा फरक डॉक्टरला, परिचारिकेला आणि समुपदेशकाला ठाऊक असेल, तर तो घरी पाठवला जाणार नाही. त्याची जनुकीय चाचणी होईल, मूत्राची पट्टी पाहिली जाईल, गाठ असेल तर सुईने नमुना घेतला जाईल, आणि सारे मुके राहिले तरी प्रकृती ढासळत असल्यास अनुभवाच्या आधारे औषध सुरू होईल. यासाठी नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही. जे आज हाताशी आहे, ते त्या बाकापर्यंत आणि वेळेत पोहोचवायचे आहे.